काशीरामने पुजलेली गिटार

आमच्या शेजारच्या काशीरामला एकच वेड, आणि त्या वेडाचं नाव विनीत. काशीराम महाड औद्योगिक वसाहतीत फिटर. विनीत महाडचाच, गिटार वाजवतो, पोलादपूरपासून पाचाडपर्यंत त्याचे कार्यक्रम होतात. काशीराम पाळी बदलून घेईल, सासरचं लग्न बुडवील, पण पहिल्या रांगेत जाऊन बसेल. बसला की बघणार मात्र गिटारीकडे. ती मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घडवलेली. पाठ शिसवी, पुढची फळी सायीसारख्या फिक्या लाकडाची, त्यावर पॉलिशचा अगदी पातळ हात. हे मला काशीरामनेच सांगितलंय, मी न विचारता, निदान पन्नासदा. तिला बोट लावायची मात्र त्याची कधी छाती झाली नाही.

यंदा नवरात्रात विनीत आमच्या वाडीत वाजवायला आला. कार्यक्रम संपला आणि पाऊस कोसळला. मोटारसायकलवर गिटार भिजेल म्हणून त्याने ती काशीरामच्या घरी ठेवली. उद्या संध्याकाळी नेतो म्हणाला. काशीरामने तिच्यासाठी कॉट रिकामी केली आणि स्वतः खाली निजला.

"माजी आय आली तवा तिला चटईच दिली व्हती," त्याची बायको, रखमावहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. ज्याच्यावर पोट चालतं ते आम्ही त्या दिवशी पाटावर मांडून पुजतो. कोयता, विळा, काशीरामचे नट आवळायचे पाने, सगळं. आता घरात विनीतचं हत्यार असताना ते पिशवीत झाकून ठेवणं काशीरामला बरं वाटेना. आंघोळ करून, नवा सदरा घालून त्याने गिटार काढली, मधोमध मांडली, झेंडूचा हार घातला आणि त्या फिक्या फळीवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. चांगली दाबून, पान्यांना ओढतो तशी.

दुपारी पुसायला गेला. पान्यांवरचं कुंकू निघालं. गिटारीवरचं लाकडात मुरलं होतं. वहिनींनी ओलं फडकं आणलं, त्याने ते आणखी पसरलं.

"आता तो आपल्याकडं परत याचा नाय गो," काशीराम एवढंच म्हणत राहिला. मला हसू येत होतं आणि त्याचा चेहरा बघवतही नव्हता.

संध्याकाळी विनीत आला. काशीरामने मान खाली घालून गिटार पुढे केली.

"दसऱ्याची पूजा केली रे हिची. डाग पडला. मिरजेला मी सोता नेतो, नीट करून आणतो."

विनीत फळीवरून अंगठा फिरवत राहिला. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं. "कारागीर गेले, दादा. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

विनीतने पाटाकडे पाहिलं. हार, कोयता, पाने अजून तसेच होते.

"ही कुठे ठेवली होती?"

"मधी. दुसरी कुटं ठेवनार?"

"आणि तुमचे पाने?"

"ते बाजूला."

विनीत खाली बसला आणि तारा जुळवू लागला. "माझे वडील हिला अजून खेळणं म्हणतात, दादा," तो म्हणाला. "पुढच्या दसऱ्यालाही आणतो. कुंकू मात्र कोरडं लावा."