हलक्या हातानं धुतलेले केस

पार्लरवाल्या बाईकडं किस्से कसे साठतात, सांगू? बेसिनला मान टेकवली की बाईला फक्त छत दिसतं. समोर कुणाचं तोंड नसतं. डोक्यावर कोमट पाणी पडायला लागलं, की नवऱ्याला, आईला, डॉक्टरला न सांगितलेलं सगळं हळूहळू बाहेर येतं. मी आपलं मधूनच विचारते, "पाणी गरम नाही ना?" तेवढ्यावर गाडी पुढं जाते.

सांगलीत विश्रामबागला माझं छोटंसं पार्लर आहे. मी आणि माझी जाऊ अलका, दोघीच. आमच्याकडं जास्त येतात त्या लहरी केसवाल्या. म्हणजे धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत. वाळले की चहूकडं फुगणारे. त्यात आमचं बोअरचं जड पाणी. त्या केसांनी जन्मभर ऐकून घेतलेलं असतं : झिपरी, केरसुणी, पिंजारलेली. बाई दारातूनच म्हणते, "याचं कायतरी करा बाई."

मी सांगते, केस वाईट नाहीत, कोरडे पडलेत. भसाभसा फेस येणारा शांपू सोडा, सल्फेट नसलेला सौम्य घ्या. कंडिशनर लावा, मोठ्या दातांचा कंगवा वापरा, टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती कापडानं टिपा. निम्म्या जणी ऐकतात. निम्म्या म्हणतात, "फेस न्हाई त्यो शांपू कसला?"

*

शिराळ्याची वैशाली. बी.एड. झालेली, एकुलती एक. तिची आई तिला घेऊन आली ती स्ट्रेटनिंग करायला. म्हणाली, "मागचं स्थळ केसांवरनंच गेलं. कराडचं नवीन आलंय, चांगलं हाय. त्येंनी बघायला यायच्या आधी सरळ करून द्या."

मी केस हातात घेऊन बघितले. बारीक, नाजूक, सुंदर लहर असलेले. म्हटलं, "हे केमिकल सोसणार नाहीत. थोडे दिवस द्या, सौम्य शांपू आणि कंडिशनरवर आणू यांना."

"दिवस कुठनं आणू?" आई म्हणाली आणि दुसरीकडं जाऊन सरळ करून घेतले.

नंतर वैशाली एकटीच आली, डोक्याला ओढणी बांधून. कानशिलापाशी केस तुटून नुसती लव राहिली होती. बेसिनला डोकं टेकवून तिनं सांगितलं : कराडची मंडळी आली, पोहे झाले, ती मान खाली घालून बसली. मुलाची आई तिच्याकडं बराच वेळ बघत होती. मग तिनं वैशालीच्या आईला हळूच विचारलं, "फोटोतली थोरली का? ती दिसत न्हाई कुठं. आमी तिच्यासाठी आलोय."

फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता, केस मोकळे सोडलेला.

"मी सांगितलं, ती मीच," वैशाली म्हणाली. "त्यांना पटलं नाही."

हे सांगताना ती हसत होती. अलका मात्र टॉवेल आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

माझं माहेर माण तालुक्यातलं. माझे केस आले ते आईकडून. आईनं आयुष्यभर ते कपड्याच्या साबणानं धुतले, तेही तांब्यातांब्यानं, आणि खाली घमेलं ठेवून. ते पाणी परत कढीपत्त्याला.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई माझ्याकडं आली होती. डॉक्टरांनी डोक्यावरून अंघोळ करायला परवानगी दिली, तसं मी तिला पार्लरमध्ये नेलं. लहान मुलांचा असतो तसला सौम्य शांपू घेतला, कंडिशनर लावला आणि शॉवर सोडला. आई ताठ झाली.

"बंद कर की गं."

"आई, कंडिशनर नीट निघायला पाणी लागतं."

"काढायलाच एवढं पाणी लागतंय, तर लावतीस कशाला?"

मी तिचे केस सुती कापडात टिपले, बोटांनी सोडवले, आरशासमोर बसवलं. पांढऱ्या केसांना अशा लाटा पडल्या होत्या, की अलकानं फोटो काढला. आईनं एक बट हातात धरून पाहिली. "बरं झालंय," म्हणाली.

मग बेसिनकडं बघत म्हणाली, "एवढ्या पाण्यात आपली कवडी जगली असती."

कवडी म्हणजे दुष्काळात गेलेली आमची शेळी. तिला जाऊन माझं कॉलेज, लग्न आणि दोन बाळंतपणं झाली होती.

*

सुनीताचा नवरा फौजेत. गाव पाटणकडचं, मुलांच्या शाळेसाठी तिनं सांगलीत खोली घेतलेली. सुट्टीवर आला की नवरा मिलिटरी कँटीनमधून वर्षाचा शांपू घेऊन यायचा. तो शांपू काही वाईट नव्हता, पण तिच्या केसांसाठी फार कडक. केस रोज वाळक्या गवतासारखे. मी मागं लागून तिला सौम्य शांपूवर आणलं. पावसाळा संपेपर्यंत केस असे बसले, की मुलांच्या शाळेतल्या तिच्या मैत्रिणी पत्ता विचारत माझ्याकडं आल्या.

दिवाळीनंतर सुनीता आली. पुन्हा वाळकं गवत.

"काय गं हे?"

"आवं, मी परत त्योच लावाय लागलीय."

"का? एवढे छान झाले होते."

डोक्यावर पाणी पडायला लागल्यावर ती बोलली. "हे दिवाळीत आलं हुतं. पैल्याच दिवशी म्हणलं, तुझा वास बदलला. मी म्हणलं, शांपू बदललाय, बघा की केस कसं झाल्यात. तर म्हणलं, तिकडं बर्फात मीपण त्योच लावतो. तुज्यासारखा वास येतो म्हणून."

मी पाण्याची धार बारीक केली.

"ऱ्हाऊ देत केस वंगाळ," सुनीता म्हणाली. "वरसातलं अकरा म्हैनं आमच्या दोघांच्यात सारखं तेवढंच असतंय."

*

जोशी सर चित्रकलेचे शिक्षक होते, आता रिटायर. एकदा दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडं पुरुष येत नाहीत, म्हणून अलका म्हणाली, "सर, मॅडमना पाठवा."

"तिच्यासाठीच आलोय," सर म्हणाले. "विंचरायला शिकवता का?"

त्यांच्या पत्नीला, नलूताईंना, विसरायचा आजार झालेला. केस दाट, नागमोडी, जटा व्हायच्या. सर विंचरायला गेले की त्या ओरडायच्या, मारायच्या. मुलगी फोनवरून सांगायची, कापून टाका, सुटसुटीत होईल.

"तिला विचारल्याशिवाय कसे कापू?" सर म्हणाले. "आणि विचारलं, तर आईला विचारून सांगते म्हणते."

मी त्यांना शिकवलं. आधी कंडिशनर भरपूर, मग बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा. वरून ओढायचं नाही. टोकापासून सुरुवात करायची आणि मुळाशी केस मुठीत धरायचे, म्हणजे ताण बसत नाही. सर चित्र काढावं तसं शिकले. हाताखाली केस आहेत का रेशीम, असं वाटावं इतकं हळू.

मग एकदा नलूताईंनाच घेऊन आले, बरोबर जमतंय का ते मला दाखवायला. त्या खुर्चीत बसल्या. सरांनी एकेक गुंता सोडवला. नलूताई ओरडल्या नाहीत, डोळे मिटून बसल्या. सर वेणी घालायला लागले, तशा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुमच्या या माणसाचा हात फार हलका आहे हो. घरी बायको आहे का यांना?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी वेणी घालणं थांबवलं नाही.

"आहे," म्हणाले. "तिचेही केस असेच आहेत."

*

वारणाकाठच्या पद्माकाकू जैन समाजातल्या. त्यांची मुलगी प्राजक्ता इंजिनिअर, पुण्याला नोकरीला होती. केस दाट आणि लहरी, कमरेपर्यंत. लहानपणापासून त्या केसांवरून मायलेकींची भांडणं. प्रत्येक बाटली काकू चष्मा लावून वाचणार, प्राण्यांचं काही नाही ना म्हणून तीनतीनदा विचारणार, मगच पिशवीत टाकणार.

यंदा दोघी आल्या त्या न भांडता. अलकानं विचारलं, "काय, लग्न ठरलं वाटतं?"

प्राजक्ता हसली. म्हणाली, "मावशी, मी दीक्षा घेतीय."

दीक्षेत डोक्यावरचे केस उपटतात. कात्री नाही, वस्तरा नाही. हातानं, एकेक झुबका. आमच्या भागात सगळ्यांना हे ठाऊक असतं. अलकानं हातातला कंगवा खाली ठेवला.

प्राजक्ता केप बांधायला आत गेली, तशा पद्माकाकू काउंटरपाशी आल्या. नेहमीसारखी एक बाटली उचलली, उलटसुलट करून वाचली.

"मुळं जरा ढिली पडतील असलं काय असतंय का गं तुमच्याकडं?"

आमच्या फळीवरच्या प्रत्येक बाटलीवर मुळं घट्ट करतो असंच लिहिलेलं असतं.

"दाट केसांना जास्त लागतंय म्हणत्यात," काकू म्हणाल्या. "म्हणून इचारलं."

आतून प्राजक्ताचा आवाज आला. "आई, लागू दे गं. ते लागलंच पाहिजे."

काकूंनी बाटली जागेवर ठेवली. मग सगळ्यात सौम्य कुठला ते मला विचारलं, तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "आज मी धुते. चालंल न्हवं?"

मी बाजूला झाले. प्राजक्तानं मान बेसिनला टेकवली. काकूंनी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलं, मग तिच्या कपाळावर आडवा हात धरून सोडलं. शांपू लावला. बोटं मुळांपाशी अशी फिरत होती, की केसांना कळूही नये.

"डोळं मीट. साबण जाईल."

"मिटलेत गं आई."

"घट्ट मीट."