जवसाच्या रंगाचं जावळ

माझं माहेर चालतं होतं. बाकीच्या सासुरवाशिणी माहेरची वाट डोळे मिटून सांगायच्या. माझं माहेर आज कुठं आहे हे मलाच ठाऊक नसायचं. वडील मेंढरं राखत. दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढरं, सामानाचं घोडं, कुत्री, कोंबड्या आणि त्यांच्यामागून चालणारी माणसं, या सगळ्याला मिळून आम्ही वाडा म्हणतो. ज्याच्या रानात मेंढरं रात्रभर बसली त्याच्या जमिनीला खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. सकाळी पुढचं रान.

मला दिली ती मात्र खुंट्याला बांधलेल्या घरात. पालमजवळच्या एका गावात सासऱ्यांचा घोंगड्यांचा माग होता. नवरा त्यांच्या हाताखाली विणायचा, सासूबाई आणि मी सूत कातायचो. लग्नाला वर्ष होत आलं तरी मी एकदाही माहेरी गेले नव्हते. पंचमी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. मी विषय काढला की त्या म्हणायच्या, "धाडते की गं. पन कुठं धाडू? तुझ्या मायचा पत्ता तर तिलाबी ठावं न्हाई." यावर घरातले सगळे हसायचे आणि मला असा संताप यायचा की चरख्यावरचा धागा तुटायचा.

सासरे माझ्याशी बोलत नसत. रागानं नव्हे, रीतच तशी होती. सून सासऱ्यासमोर पदर पुढं ओढून उभी राहायची आणि काही सांगायचं असलं तर ते भिंतीला, मांजराला नाहीतर पाळण्यातल्या लेकराला सांगायची. सासरेही तसंच करत. आमच्या घरात पाळणा अजून हलला नव्हता, त्यामुळं सगळा कारभार मांजरावर चालायचा.

तर त्या साली शिमग्याच्या आसपास पालमच्या जहागीरदारीणबाईंची फर्माईश आली. त्यांची लेक हैदराबादेत दिलेली. तिला भेटायला त्या गेल्या तेव्हा तिथल्या विहिणीनं पेटी उघडून काश्मिरी शाली दाखवल्या आणि वर विचारलं म्हणे, की तुमच्याकडं मेंढ्यांची लोकर फक्त शेतकरीच डोक्यावर घेतात का? बाईंच्या ते जिव्हारी लागलं. परत आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं.

"मला लेकीसाठी शाल पाहिजे," त्या म्हणाल्या. "आपल्याच मेंढीची, आपल्याच मागावरची. रंग द्यायचा नाही. मेंढीच्या अंगावरच जवसाचा रंग असला पाहिजे. आणि गालाला टोचली तर घरी घेऊन जा."

सासरे घरी आले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसतेच बसून राहिले. त्यांची घोंगडी पंचक्रोशीत नावाजलेली होती ती कडकपणासाठी. चिंचोक्याची खळ असली दाट लावायचे की नवी घोंगडी कोपऱ्यात उभी केली तर माणूस उभा आहे असं वाटायचं. पाऊस तिच्या आत जायचा नाही. आणि आता या माणसानं गालाला लावायची शाल विणायची!

मऊ लोकर एकच. जावळ. लेकराचे पहिले केस काढतात त्याला जसं जावळ म्हणतात, तसंच कोकराच्या पहिल्या कातरणीलाही म्हणतात. एकदा ते निघालं की त्या मेंढीच्या अंगावर तशी लोकर जन्मात पुन्हा येत नाही. पण आमच्याकडची मेंढरं बहुतेक काळी. खैरी, जवसाच्या रंगाची, कळपात शोधावी लागतात, आणि त्यातही जावळ पाहिजे. सासऱ्यांनी परभणीच्या बाजारापर्यंत फेरी मारली. एकानं त्यांना काळी-पांढरी मिसळून दिली, एकानं म्हातारीच्या वेणीसारखी राठ लोकर जावळ म्हणून हातात ठेवली. सासरे बेजार होऊन परतले.

"तसलं जावळ न्हाई मिळालं तर बाईसाहेबाला तोंड दावायची सोय न्हाई," ते मांजराला म्हणाले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंकडं बघून मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या मेंढीच्या पोटची कोकरं जवसाच्या रंगाची असतात."

माझी मेंढी म्हणजे खरंच माझी. आमच्यात मुलगी झाली की तिच्या नावानं एक मेंढी कानाला खूण करून सोडतात. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या मुलीची. लग्न झालं तरी ती वडलांच्याच कळपात राहतात, पण मालकी मुलीची. माझी मूळ मेंढी खैरी होती हे खरं. तिची काही कोकरं खैरी झाली हेही खरं. पण यंदाची कोकरं मी बघितलेलीच नव्हती! ती काळी असतील, पांढरी असतील, लांडग्यानंही नेली असतील. मला फक्त आईला बघायचं होतं. जवसाचा रंग मिळाला नाही तर मी खोटारडी ठरणार होते, आणि मग माहेराचं नाव काढायला या घरात मला जागा उरली नसती. हे सगळं मला बोलून झाल्यावर कळलं. माझं नेहमीच असं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. नवरा मागावर अडकलेला, म्हणून सासरे आणि मी. बैलांमागं सासरे, त्यांच्यामागं पाठ फिरवून पदर ओढलेली मी. मांजर घरी राहिलेलं. पहिले दोन कोस कुणीच बोललं नाही. मग सासरे पांढऱ्या बैलाला म्हणाले, "काय रे, वाडा कुण्या अंगाला सापडंल?"

मीही बैलालाच सांगितलं, "या दिवसांत पाण्याच्या कडेनं राहतात. आधी गंगाखेडला विचारावं."

गंगाखेडात कळलं की वाडा गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून पोखर्णीच्या अंगाला गेला. पाणी आटलेलं होतं, आम्ही उतारातून गाडी पलीकडं घातली. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेतलं तर देवळापाशी बसलेला एक शेतकरी म्हणाला, "माझ्या रानात बसली व्हती की मेंढरं. परवाच मागं वळली गंगेकडं." सासऱ्यांनी असा उसासा सोडला की बैलही थांबला. "ह्या पाव्हण्यांना एका जाग्याला बसवत न्हाई का रे?" त्यांनी त्याला विचारलं. मला हसू आलं. पदर होता म्हणून निभावलं.

परतीच्या वाटेवर मी गाडीतून उतरून चालायला लागले. लेंड्या ताज्या होत्या. पुढं एका बाभळीच्या काट्यांना लोकरीचे पुंजके अडकलेले दिसले. एक काढून मी वरच्या ओठावरून फिरवला. मऊ होता, पण काळा. पुढचा काढला, तोही काळा. मी तो मुठीत गच्च दाबला आणि पदराआड लपवला.

ऊन कलत असताना कुत्री भुंकली. ती आमचीच कुत्री. मला ओळखून त्यांनी शेपट्या अशा हलवल्या की मी सून आहे, सासरे मागं आहेत, पदर सांभाळायचा आहे, सगळं विसरून मी धावत सुटले. आई चुलीपाशी होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकून दिली आणि मला छातीशी धरलं. तिच्या अंगाला मेंढरांचा, धुराचा, ताकाचा वास होता. वर्षभर मी तोच वास घोंगड्यांत शोधत होते, हे मला तेव्हा कळलं. भाकरी करपली, आणि ती करपलेली भाकरी मीच खाल्ली.

वडलांनी व्याह्यांना घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं. सासऱ्यांनी येण्याचं कारण सांगितलं आणि कोकरं बघायला गेले. मी आईच्या आडून बघत होते. जाळीच्या कुंपणात कोकरं उड्या मारत होती आणि सगळी एकजात काळीकुट्ट होती.

"ही तर काळी हायत," सासरे म्हणाले.

मी आईच्या कानात विचारलं, तर ती म्हणाली, "जल्मली तवा काळीच व्हती गं. तुझ्या मेंढीची कोकरं आधी काळीच असत्यात, मंग उन्हानं खैरी हुत्यात. ही खैरी झाली का न्हाई कुनाला ठावं, जल्मल्यापासून काळ्या मातीतच लोळायलीत. उद्या धुतल्यावर दिसंल."

सकाळी मेंढरं गंगेत घातली. कातरणीआधी धुतातच. आई, मी, माझ्या चुलत्या, सगळ्या कमरेपर्यंत पाण्यात. कोकरं बोंबलत होती, आम्ही हसत होतो, एकमेकींना भिजवत होतो. पदर कधी खोचला कळलं नाही. माझ्या मेंढीच्या नातीचं एक कोकरू मी दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतत चोळायला लागले. काळं पाणी वाहिलं. आणखी ओतलं, आणखी वाहिलं. मग हाताखाली रंग बदलला. काठावर सोडल्यावर कोकरानं अंग झाडलं, उन्हात उभं राहिलं, आणि ते भाजलेल्या जवसाच्या रंगाचं होतं! त्याच्यामागून दुसरं, मग तिसरं. काही काळीच निघाली, पण शालीपुरती खैरी होती. मी पाण्यात उभ्याउभ्या टाळ्या वाजवल्या.

सासरे काठावर उभे राहून बघत होते. त्यांनी एका कोकराच्या पाठीत बोटं घातली आणि काढलीच नाहीत. मग वडलांकडं वळून म्हणाले, "व्याही, हे जावळ आमाला द्या."

वडलांनी मान हलवली. "मी कसं देऊ? ही कोकरं माझी न्हाईत. मालकीण तुमच्याच गाडीत बसून आली."

सासऱ्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बैल लांब चरत होता. शेवटी ते पाण्याच्या कडेपर्यंत आले, नजर माझ्या पायांपाशी ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, जावळ देतीस का?"

वर्षभरात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी ओल्या पदराचं टोक कसंबसं डोक्यावर घेतलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणं लगेच बोलून गेले, "देते मामंजी. पण कातरायला दर साली मीच येणार."

चुलतीनं मला पाण्याखालून चिमटा काढला. सासरे नुसते "हं" म्हणाले, आणि त्याचा अर्थ काय हे मला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही.

कातरणी वडलांनी केली, हलक्या हातानं. आम्ही घरी आल्यावर सासूबाईंनी आणि मी ते जावळ पिंजलं, कातलं. इतकं बारीक सूत मी आधी कातलं नव्हतं. सासरे विणायला बसले, आणि हाताच्या सवयीनं त्यांनी ताण्याला नेहमीसारखी दाट खळ लावली. मागावरून उतरली तेव्हा जवसाच्या रंगाची ती शाल कोपऱ्यात ताठ उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघत बसलो. नवी घोंगडी धुवून खळ काढायची म्हणजे विणकराच्या जिवावर येतं, पण सासूबाईंनी रिठ्याचं कोमट पाणी केलं, शाल परातीत घातली, आणि आम्ही दोघींनी पायांनी तुडवली. सासरे बाहेर जाऊन बसले. त्यांना ते बघवेना. वाळल्यावर सासूबाईंनी ती शेजारणीच्या तान्ह्या पोराच्या गालाला लावली. पोर तिच्यातच झोपून गेलं. आत येऊन ते बघताना सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणेन. त्यांना स्वतःला ते कबूल झालं नसतं.

शाल द्यायला आम्ही सगळे गेलो. जहागीरदारीणबाईंनी ती गालाला लावली, मग दुसऱ्या गालाला लावली आणि डोळे पुसले. "विहिणीला आता बोलू दे," त्या म्हणाल्या. लगेच दुसरी फर्माईशही सांगितली. आता स्वतःसाठी पाहिजे, आणि साधी काळी चालेल.

मी मनातून खचले. काळं जावळ आमच्याच गावात हवं तेवढं होतं. गावच्या मेंढरवाड्यातली कोकरं रोज आमच्या दारावरून जायची. त्यासाठी कुणी गंगा ओलांडणार नव्हतं, गाडी जुंपणार नव्हतं.

सासरे हात जोडून पुढं झाले.

"बाईसाहेब, काळं जावळ आमच्या गावात मिळत न्हाई," ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "लय लांब जावं लागतंय, गंगेच्या काठाला. अन् पारखायला सून संगं लागती."