ग्लास खाली ठेवताना

शालिनीताई जाधव यांची आणि माझी ओळख माझ्या एका खोटेपणाने झाली. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाला अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. पण सत्तावीस वर्षं ताईंच्या हाताखाली काम करून एवढं तरी शिकले आहे, की अडचणीचं काही असलं तर ते चौकटीबाहेर ढकलायचं नाही. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं आणि त्यासाठी एक चांगला फोटो हवा होता. गिरगावात फोटोग्राफर काही कमी नव्हते. पण परळला एक बाई आहेत, त्यांच्या फोटोत मुलगी जिवंत वाटते, असं माझ्या आत्याच्या कानावर आलं होतं. म्हणून ती मला परळला घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी लाकडी बाक आणि समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. ताईंनी आम्हाला बाकावर बसवलं आणि स्टीलच्या दोन ग्लासांतून पाणी आणलं. आत्याने आधी तसबिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने ग्लासाला हात लावला नाही. मी तिच्यापेक्षा शिकलेली, म्हणून मी कारण दिलं. "आज माझा उपास आहे," मी म्हणाले.

उपासाला पाणी चालतं हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. ताई नुसतं "बरं" म्हणाल्या, ग्लास उचलून आत ठेवून आल्या आणि त्यांनी फोटो काढला.

आठवड्याने फोटो घ्यायला मी एकटीच गेले. फोटोत साडी छान होती, उजेड छान होता, आणि मी अशी ओठ घट्ट मिटून बसले होते, जणू कुणी मला एरंडेल पाजायला आलं होतं. ताईंनी फोटो माझ्यासमोर ठेवला. "हा नेऊ नकोस. तहानलेला आलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा काढू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "ताई, पाणी मिळेल का?" त्यांनी आणून दिलं. मी एका दमात ग्लास संपवला, खाली ठेवला, हनुवटीवर ओघळलेलं पाणी ओढणीने टिपलं आणि तेवढ्यात कॅमेरा वाजला.

"झालासुद्धा?" मी विचारलं.

"झाला. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवताना माणूस कुणासारखं दिसायला जात नाही गं. तेवढाच वेळ तो आपल्या घरचा असतो."

त्या फोटोवर माझं लग्न जमलं. मी दादरला राहायला आले आणि दोनच महिन्यांत ताईंकडे काम मागायला गेले. आत्या मात्र पुन्हा कधी परळची पायरी चढली नाही.

ताईंच्या कामाबद्दल बोलायचं तर त्या पाण्यापासूनच सुरुवात करायला हवी. स्टुडिओत कुणीही येवो, नगरसेवक असो, माहीमची मासळीवाली असो की बारशाचं बाळ घेऊन आलेलं जोडपं, आधी बाक, मग पाणी, मग फोटो. कॅमेरे बदलले, रोल गेले, डार्करूमच्या जागी संगणक आला. ताईंनी कशाचाही बाऊ केला नाही आणि कशासाठी गळाही काढला नाही. खिडकी आणि पाणी मात्र तेच राहिलं. ही पद्धत कुठून आली, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. प्रिंट वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "तरुणपणी दादरला एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. नऊ वर्षं. तिथे माझा ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. तेव्हाच ठरवलं, आपला स्टुडिओ झाला की सगळ्यांचे ग्लास सारखे." एवढं बोलून त्यांनी मला चिमटे मागितले. मी चिमटे दिले. माफी मात्र ओठावर येऊन तिथेच राहिली.

त्या नऊ वर्षांत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून फिरवून लोकांचे वण आणि सुरकुत्या घालवल्यामुळे असेल, स्वतःच्या स्टुडिओत ताईंनी तो उद्योग साफ बंद केला. एका नवऱ्या मुलीची आई हटूनच बसली होती, "मुलीला जरा उजळ करा हो, आजकाल सगळं होतं." ताई म्हणाल्या, "उजेड माझा. रंग ती घेऊन आलीय, त्याला मी हात लावणार नाही." आई रागावून निघाली. मुलगी बाकावरून उठली नाही. तिचा तो फोटो आजही स्टुडिओच्या दारात लावलेला आहे.

आणि त्या चाळीचं सांगायलाच हवं. ताई जिथे वाढल्या ती चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक कुटुंबाचा त्यांच्याच दारात फोटो काढायचं मनावर घेतलं. त्या दिवशी पद्धत उलटी झाली. प्रत्येक दारात ताईंच्याच हातात ग्लास. एकाकडे घेतलं आणि दुसऱ्याकडे नाही, असं कसं चालेल? पंधराव्या खोलीपाशी त्या माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, आता मी फुटेन." पण शेवटच्या खोलीतलंही पाणी त्या प्यायल्या.

माझी मुलगी तान्ही असताना तिची झोळी डार्करूमच्या दाराशी बांधलेली असे. आत मी प्रिंट धूत असायची आणि ताई बाहेर एका हाताने हिशेबाची वही लिहीत, दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढत असायच्या. अशा बाईला आपण पहिल्याच भेटीत काय सांगितलं, हे मला त्या दोरीकडे बघताना हटकून आठवायचं. ताईंच्या ते लक्षात होतं का? विचारायची हिंमत झाली नाही. वर्षं जात राहिली.

या ग्रंथाच्या पहिल्या पानासाठी ताईंचा फोटो हवा होता. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या ताईंचा धड एक फोटो सापडेना. समितीने ते काम माझ्यावर टाकलं. तीनदा बसवलं, तिन्ही फोटो वाया गेले. ताई बाकावरूनच मला सूचना देत होत्या, "खिडकी अर्धी लाव. अगं, कपाळ चमकतंय." फोटोत दिसत होती ती कामावर लक्ष ठेवणारी मालकीण. छापखान्याची मुदत संपत आली होती. गुरूचा फोटो शिष्येला जमला नाही, हे सगळ्या परळभर झालं असतं.

चौथ्या वेळी मी मनाशी ठरवूनच गेले. कॅमेरा स्टँडवर लावला, स्टीलच्या ग्लासातून पाणी आणलं आणि ताईंसमोर धरलं. "ताई, एक बोलायचं होतं. सत्तावीस वर्षं राहिलंय," मी म्हणाले.

ताईंनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आज माझा उपास आहे."

मी जागच्या जागी थिजले. आणि ताई हसू लागल्या. खांदे हलवून, पदर तोंडावर न घेता, पंचाहत्तर वर्षांचं हसू. मी ग्लास त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला आणि रडत रडतच बटण दाबलं.

"ताई, माफ करा."

"ते कधीच केलंय. फोटो आला का ते बघ आधी." मग त्यांनी ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

पहिल्या पानावर आहे तो हाच फोटो. कोपऱ्यातला ग्लास कापून टाकावा, असं एका सदस्यांनी सुचवलं होतं. मी नाही म्हणाले.

ताईंच्या शंभरीच्या ग्रंथासाठीही फोटो मीच काढणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तोवर त्यांचे गुडघे जिना चढोत, डोळे उजेड ओळखोत, आणि परळच्या त्या खिडकीशी येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला ताईंच्या हातचं पाणी मिळत राहो. ज्याचा उपास असेल, त्यालाही.