लहान छर्‍याची बंदूक

जत्रेत बंदूक मारणारा माणूस फुग्यांकडे बघतो आणि त्याच्या मागची गर्दीही फुग्यांकडेच बघते. मी फळीच्या बाजूला पोत्यावर बसून फुगे फुगवायचे, त्यामुळे मला माणसांची तोंडं दिसायची. मधे एक पत्रा उभा केलेला असे, छर्रा उलटून आला तर लागू नये म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी जागा तीच. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून ती जागा मला आवडायची.

आमचं दुकान म्हणजे एक मोठी फळी, तिच्यावर काळं कापड, कापडावर सुतळीच्या ओळी आणि ओळींना बांधलेले फुगे. समोर बाकडं, बाकड्यावर बंदूक. यवतमाळ, मारेगाव, पुसद, जिथे जत्रा असेल तिथे आम्ही एसटीच्या टपावर फळी टाकून जायचो. जत्रांच्या हंगामात तर पाय टेकायला वेळ नसायचा.

मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव नव्हता, बोंडात अळी होती. आमच्याकडे वावर नाही, पण जत्रा कापसावरच चालते हे मला त्या वर्षांत कळलं. माणसं यायची, पण खिशात हात घालून उभी राहायची आणि दुसरा कोणी मारतो ते पाहून निघून जायची. अशातच आमची जुनी बंदूक मोडली. आतली स्प्रिंग तुटली होती आणि नळीही झिजली होती. पुसदच्या मिस्त्रीने ती हातात घेऊन परत दिली, खोललीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून भासऱ्यांचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा निरोप आला. ते तिथे एका सोसायटीत वॉचमन होते. आणखी एक जागा निघाली होती. राहायला खोली होती, पण गड्यांपुरती, बायकापोरांना तिथे जागा नव्हती. म्हणजे हे तिकडे आणि मी नि पोरगी इकडे. पोरगी तेव्हा सातवीत होती. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला सांगितलं की एक नवी बंदूक घेऊ, शिवरात्रीची जत्रा करून पाहू. ती जमली तर ठीक, नाही तर फळी विकायची आणि पुण्याला जायचं. मी मान हलवली. पण त्या दिवसापासून मी शिवरात्रीचे दिवस मोजायला लागले.

बंदूक घ्यायला आम्ही दोघं यवतमाळला गेलो. मला कशाला नेलं ते माहीत नाही, बहुतेक परत येताना फुग्यांची पाकिटं धरायला. दुकानदार ह्यांच्या ओळखीचा होता. त्याने दोन बंदुका काढून काचेवर ठेवल्या. हवेच्या बंदुकीत दोन मापं असतात. एक नंबर म्हणजे लहान नळी, तिचा छर्रा ज्वारीच्या दाण्याएवढा. दोन नंबर म्हणजे मोठी नळी, तिचा छर्रा तुरीच्या दाण्याएवढा. आमची जुनी बंदूक दोन नंबरची होती आणि ह्यांचा हात सरळ तिच्याकडेच गेला.

दुकानदार म्हणाला की वावरातून वानरं हाकलायला लोक मोठी नेतात, आणि लहान नेतात ती कॉलेजातली पोरं, ज्यांना कागदावर नेम धरायची स्पर्धा खेळायची असते. आम्हाला कोणती बरी, ते मारूनच पाहा म्हणाला. दुकानामागे अंगण होतं, तिथे भिंतीला रेतीचं पोतं टेकवून त्यावर कागद लावला होता. ह्यांनी आधी मोठी बंदूक मारली. छर्रा भरायला नळी मधे दुमडतात, त्याला मोडणं म्हणतात; मोठीची नळी मोडताना जोर लावावा लागला. घोडा ओढला तसा मोठा आवाज झाला आणि बंदूक खांद्यावर उसळली. मग लहान मारली. तिची नळी सहज मोडली, आवाज टाळी वाजवल्याएवढाच झाला, आणि ती जागची हलली नाही. मोठ्या बंदुकीची भोकं कागदभर पसरली होती, लहानीची एका ठिकाणी होती.

दुकानदाराने मला विचारलं, "वहिनी, तुमी मारून पाह्यता का एखादी?" मी पदर ओढून नाही म्हणून मान हलवली. दोघं हसले.

हे मोठीच घेणार होते. घासाघीसही सुरू झाली होती. मी ह्यांच्या कोपराला हात लावला आणि आधी चहा घेऊ म्हटलं. मी कधी चहा मागत नाही, त्यामुळे ते माझ्याकडे बघतच राहिले. दुकानदाराला आलोच म्हणून सांगून आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो.

तिथे मी सांगितलं की लहान घेऊ.

ते हसले. मला बंदुकीतलं काय समजतं, असं म्हणाले. मग त्यांनी मला पोरीला गणित समजवावं तसं समजावलं. मोठीचा आवाज लांबवर जातो, आवाजावर गर्दी येते. मोठी हातात घेतली की गड्याला गडी असल्यासारखं वाटतं. आणि मुख्य म्हणजे ती उसळते. उसळते म्हणून नेम चुकतो, नेम चुकतो म्हणून फुगे वाचतात. पाच छर्‍यांत एखादा लागावा, धंदा असाच असतो. सगळेच लागायला लागले तर दुकानात उरेल काय?

हे सगळं मला माहीत होतं. पण जे मला माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण ते बाकड्याच्या त्या बाजूला उभे असायचे, माणसाच्या खांद्याशी. नेम चुकलेल्या माणसाचं तोंड त्यांना कधी दिसलंच नाही. पहिला चुकला की तो हसतो. दुसरा चुकला की मागे उभ्या असलेल्या दोस्ताकडे बघतो. तिसरा चुकला की हसू जातं. पाचवा मारून तो बंदूक ठेवतो तेव्हा त्याचं तोंड बाजारातून कापूस परत बांधून आणणाऱ्यासारखं झालेलं असतं. तो माणूस पुन्हा येत नाही. आणि ज्याचे तीन लागतात तो लगेच आणखी पाच मागतो, संध्याकाळी बायकोला घेऊन येतो. चांगल्या वर्षांत चुकलेला माणूसही ईर्षेने पुन्हा मारायचा. आता ईर्षा कुठे राहिली होती कोणाच्या अंगात?

हे असं सगळं मला बोलता आलं नाही. मी बशीकडे बघत एवढंच म्हटलं, "वावरात सगळं चुकूनच राह्यलं लोकाइचं. आपल्यापाशी तरी लागू द्या नं."

चहा संपला तरी कप हातातच धरून बसले.

मग म्हणाले, "आन् फुगे पुरतीन काय?"

"म्या फुगवीन."

"गाल दुखतीन तुये."

"दुखू द्या."

"पाह्य बरं," ते म्हणाले, "मंग शिवरात्रीले रडशीन मायासमोर." पण हसत म्हणाले, आणि उठले.

दुकानदाराला नवल वाटलं. लहान बंदूक बांधून देताना तो ह्यांना म्हणाला, "काय भाऊ, घरच्या साहेबांचा हुकूम झाला वाटते." हे म्हणाले, "हो बाप्पा, आमच्याकडे तसंच हाय." मी फुग्यांची पाकिटं छातीशी धरून बाहेर जाऊन उभी राहिले.

शिवरात्रीची जत्रा नदीकाठच्या मैदानात तीन दिवस भरते. पहिल्या दिवशी माझी खरंच रडायची वेळ आली. आमच्यापासून थोड्या अंतरावर आणखी एक फुग्यांचं दुकान होतं, त्याची बंदूक मोठी होती. तिचा आवाज झाला की माणसं तिकडे बघत आणि तिकडेच जात. आमच्याकडे जवान पोरांचं एक टोळकं आलं. एकाने बंदूक हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे तं लेकराइची बंदूक हाय. दुधाची बाटली पण देता काय संगं?" सगळे खिदळत निघून गेले. दुपारपर्यंत उन्हाने फुगे मऊ पडले. काही तर आपोआपच फुटले, आणि फुटलेल्या प्रत्येक फुग्यासरशी हे माझ्याकडे बघायचे. रात्री भाकर खाताना मी पुण्याच्या खोलीचा विचार करत होते. ह्यांना स्वतःच्या हाताने भाकर टाकता येत नाही. पोरीला काय सांगायचं, तेही मनात जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडपं येऊन उभं राहिलं. माणूस वाळलेला होता, पन्नाशीचा असेल, टोपी स्वच्छ धुतलेली. बायकोच्या हातात नव्या बांगड्यांचा कागद होता. ते बराच वेळ उभे होते. तो फुग्यांकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे.

"मारा न एकडाव," ती म्हणाली.

तो नाही म्हणाला. आपला नेम कुठला लागतो, आपलं कायच लागलं नाही यंदा, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "नाई लागला तं नाई लागला. तुमाले कोण मारून राह्यलं?" आणि तिनेच कमरेची पिशवी सोडून पैसे बाकड्यावर ठेवले.

त्याने बंदूक खांद्याला लावली. पहिला चुकला. मी पत्र्याआडून त्याचं तोंड बघत होते आणि माझा फुगा अर्धाच फुगवलेला ओठांत राहिला. ह्यांनी त्याला सांगितलं की दादा, श्वास सोडा आणि मग घोडा ओढा. हे कधी कोणाला असं सांगत नसत. दुसरा छर्रा लाल फुग्याला लागला. तिसरा त्याच्या बाजूच्या पिवळ्याला. चौथा लागला तेव्हा तो माणूस आवाज न करता हसायला लागला, खांदे हलत होते, आणि हसण्यात पाचवाही लागला. कोणत्या फुग्याला ते मी पाहिलं नाही. मी त्याच्या बायकोकडे बघत होते. तिने फुटलेला एकही फुगा पाहिला नव्हता. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती, जसं आपण दिवस भरलेल्या गाईकडे बघतो, आता काही होईल म्हणून.

मग तिने बांगड्यांचा कागद त्याच्या हातात दिला आणि ह्यांना म्हणाली, "मले द्या आता."

नळी तिने स्वतः मोडली, ती बाईला सहज मोडता येण्यासारखीच होती. एवढासा छर्रा जाड बोटांतून निसटून मातीत पडतो, आमच्याकडे जुना मोठा छर्राही गडी माणसं नेहमी शोधत बसायची. तिने मात्र बोंडातून कापूस उचलतात तसा दोन बोटांनी उचलून बसवला. तिचे दोन लागले. मागे थांबलेल्या बायकांत हसाहस झाली आणि त्यांतली एक पुढे आली, मग तिची जाऊ आली. जावेचा लागला आणि हिचा चुकला, म्हणून हिने पुन्हा मागितले. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊनच मारायला निघाली, तिला नातू खाली ठेवायला लावला. दुपारी तो टोपीवाला माणूस आपल्या गावची आठ-दहा माणसं घेऊन परत आला. त्यांना सांगत होता, श्वास सोडायचा आणि मग घोडा ओढायचा, जसं काही जन्मभर हेच करत आला होता.

कालची पोरंही आली. बाटलीचं बोलणारा गुपचूप रांगेत उभा राहिला. ह्यांनी त्याला ओळखलं. बंदूक देताना म्हणाले, "दुधाची बाटली संपली राजा, चालते का तशीच?" तो लाजला, पण त्याने दोनदा मारलं.

फुगे पुरले नाहीत. मी फुगवून बांधायच्या आत ओळ रिकामी होत होती. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा हे बाकडं सोडून माझ्याजवळ येऊन बसले आणि दोन हातांनी फुगा धरून फुगवायला लागले. त्यांना त्याची सवय नव्हती. त्यांचा एक फुगा होईपर्यंत माझे तीन व्हायचे. तिसऱ्या दिवशी पाकिटं संपली आणि दुपारीच फळी उतरवावी लागली. असं आमच्या दुकानाचं कधी झालं नव्हतं.

सगळेच दिवस तसे गेले असं नाही. पुढच्या एका जत्रेत वादळ आलं, एका गावात आम्हाला जागाच मिळाली नाही. कापसाचा भाव त्या वर्षीही चढला नाही. पण शिवरात्रीहून परतताना मारेगावच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या हे सामान माझ्याजवळ ठेवून एक रुपयाच्या फोनकडे गेले. मी फळीला टेकून उभी होते. नंबर लागायला वेळ लागला.

"दादा, मी बोलून राह्यलो," ते मोठ्याने म्हणाले. फोनवर ते नेहमी मोठ्यानेच बोलतात. मग थोडा वेळ ऐकत राहिले. पलीकडून भासरे रागावत असावेत, जागा अडवून ठेवली होती त्यांनी, आणि बायकोने अडवलं का असंही विचारत असावेत.

"नाई दादा, तिले इचारलं नाई मी," हे म्हणाले. "मायं मीच सांगून राह्यलो. दुसऱ्या कोनाले देऊन टाका ते जागा."

आणखी एक रुपया टाकून त्यांनी भासऱ्यांना त्यांच्या गुडघ्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि ते येईपर्यंत उघडून हातात धरून उभी राहिले.