जीपचं भारी इंजिन

पन्नाशीत मी एक मोठा शहाणपणा केला होता. आमच्या जुन्या फोर-व्हील जीपसाठी नवं इंजिन मी लग्नाच्या साडीसारखं निवडलं, दुकानातलं सगळ्यात भारी. आमच्या यांनी बजावलं होतं, "या वेळी चालली नाही तर थेट भंगारात."

शीळफाट्याच्या गॅरेजवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून, मूठ कानाला लावून, तो डोळे मिटून ऐकायचा. म्हणाला, "काकू, हे बसवायचं तर गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल पण बदला. नाहीतर छोटं घ्या ना."

"छोटं? मग येऊरचा डोंगर काय तुम्ही ढकलत चढवणार?"

येऊरच्या पहिल्याच चढावर मी ऐटीत पाय दाबला आणि खाली कडाड् झालं. मागची चाकं फिरवणारा अ‍ॅक्सल मी जुनाच ठेवला होता, तो तुटला. इंजिन मात्र मजेत गुरगुरत होतं. हे लगेच भंगारवाल्याचा नंबर शोधू लागले. मी गॅरेजवाल्याला बोलावलं.

तो गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसले. बोलला माझ्याशी, पण बघत होता यांच्याकडे.

"काकू, ताकद जास्त झाली म्हणून गाडी मोडलीय. कमी पडून मोडली असती, तर भंगारवाल्याला मीच फोन केला असता."