शर्टाचं एक बटण

आज एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे.

उमरेडचे एक विणकर काका सहा महिन्यांपासून बसने व्यायामाला येतात. काच लागून मनगटातली नस, म्हणजे बोटांना हलवणारी नर्व्ह, तुटली होती. ऑपरेशनने जोडली, पण बोटांत जोर नाही.

आज त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "मॅडम, हे स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं तं व्यायाम कराचं काम नाही न?"

मी खरं ते सांगितलं. त्यावर अजून संशोधन चालू आहे. उद्या ते आलं तरी नस हळूहळूच वाढणार, आणि तोवर हात चालता ठेवावाच लागणार.

मग मी म्हटलं, शर्टाचं बटण लावून दाखवा. लगेच शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, काकूंचा हात पुढे आला. मी तो धरला.

"घरी मीच लावून देते जी. मागावरचा धागा तुटला तरी मीच सांधते. ह्यायले त्रास कायले द्याचा?"

एका बटणाला काकांना चार मिनिटं लागली. तेवढा वेळ काकू स्वतःचे हात पदराखाली घट्ट धरून बसल्या होत्या.

निघताना दारात काकूंनी हळूच विचारलं, "मग मॅडम, मी आता काय करू?"

तुमच्या घरी कुणी असं असेल, तर सांगा. तुम्ही तुमचे हात कसे आवरले?