गेल्या रविवारचा खुनी

पोशीरच्या शाळेत मी बारा वर्षं शिकवलं. त्या मुलांची नावं आता पटकन आठवत नाहीत. पण आमच्या पडवीतल्या टीव्हीवर दर रविवारी सकाळी लागणाऱ्या त्या हिंदी गुप्तहेर मालिकेचे किस्से काही डोक्यातून जात नाहीत. एक सांगायला घेतला की मागून दुसरा म्हणतो, माझं राहिलं.

मालिका आमच्यात कोणालाच धड कळत नव्हती, हे आधीच कबूल करते. मत मात्र प्रत्येकाला होतं.

*

आमचे पोलीस पाटील, सगळे त्यांना पाटीलबाबा म्हणत, टोपी सारखी करून ड्यूटीवर आल्यासारखे पुढच्या खुर्चीत बसायचे. त्या गुप्तहेरावर त्यांचा पहिल्यापासून राग.

"खून झाला, तर पयली वर्दी कुणाकडं? पोलीस पाटलाकडं. ह्यो बाबा परस्पर खोलीत शिरतो कसा?"

शेवटी त्यांनी मला टीव्हीवाल्यांना पत्र लिहायला बसवलं. "कळविण्यास कारण की" पासून सुरुवात केली. दीड महिन्याने छापील कार्ड आलं : 'मालिका आपल्याला आवडली, हे वाचून आनंद झाला.'

पाटीलबाबांनी ते तीनदा वाचून घेतलं. "म्हंजे मान्य केलं का नाय?"

"मला तरी काही कळत नाही," मी म्हटलं.

"नाय म्हटलं नाय ना? मग मान्य केलं." कार्ड दप्तरात गेलं.

पुढच्या रविवारी गुप्तहेर पुन्हा परस्पर खोलीत शिरला. पाटीलबाबा शांतपणे म्हणाले, "हुकूम अजून खाली पोचला नसंल."

*

शिक्षिका म्हणून हिंदीचं मराठी करून सांगायचं काम माझ्याकडे होतं. माझं हिंदी परीक्षेपुरतं.

एका भागात श्रीमंत म्हाताऱ्याचा खून झाला. जो तो म्हणत होता, "उन्होंने वसीयत बदल दी थी." मी ठोकून दिलं, "म्हाताऱ्याने वसाहत बदलली होती."

नेरळच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या शेजारीण बनूमावशी गोंधळल्या. "घर बदललं म्हून कोन जीव घेतं का गं?"

"नवीन शेजार वाईट असंल," पाटीलबाबा म्हणाले. झालं, सगळ्यांनी मिळून शेजाऱ्याला खुनी ठरवलं. शेवटी पुतण्याला बेड्या पडल्या, तेव्हा पडवीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

सोमवारी हेडमास्तरांनी मला सांगितलं, वसीयत म्हणजे मृत्युपत्र. पुढच्या रविवारी मी प्रामाणिकपणे चूक कबूल केली, तर बनूमावशी म्हणाल्या, "असू दे. पन त्यो शेजारी चांगला नव्हताच."

*

मालिकेत नट मोजकेच होते. एका भागातला खुनी दुसऱ्या भागात डॉक्टर होऊन आला. बनूमावशींनी भाजी निवडायची थांबवली.

"ह्याला गेल्या रविवारी धरला व्हता ना? सुटला कसा?"

ही गोष्ट वेगळी आहे, असं मी दोन-तीनदा समजावलं. त्या माझ्याकडे नाही, पाटीलबाबांकडे बघत होत्या.

"जामिनावर असंल," पाटीलबाबा म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरने पेशंटला सुई टोचली, आणि बनूमावशींनी डोळे झाकून घेतले.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण भातगिरणीवरचा गंगाराम त्या नटासारखा दिसायचा. तीच जाड मिशी, तसाच खाली मान घालून बघायचा. बनूमावशी भात नेरळच्या गिरणीत नेऊ लागल्या. पोरं त्याला बघून पळायची. तो आधी हसला. मग रविवारी यायचा बंद झाला. मी विचारायला गेले, तर म्हणाला, "बाई, मी काय केलंय तेच मला कळंना."

मीच त्याला सुचवलं, मिशी काढून टाक. त्याने काढली.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच प्रश्न : "मिशी का काढली रं यानं?"

*

आणि त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळातली घंटा नाहीशी झाली.

गुरव लेकीकडे लोधिवलीला गेलेला. विचारायचं कोणाला? सगळ्यांच्या नजरा गंगारामच्या गुळगुळीत ओठाकडे. पाटीलबाबांनी निरोप धाडला : रविवारी मालिका संपली की कोणी उठायचं नाही, गंगारामनेही यायचं.

गंगाराम आला. भिंतीला टेकून बसला, हात गुडघ्यांत. त्याला मालिकेतलं काहीही दिसलं नसेल. माझीही तीच गत. मिशीचं मीच सुचवलं होतं.

टीव्ही बंद झाला. पाटीलबाबा गुप्तहेरासारखेच खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यानं केलं, तो याच खोलीत हाय. त्यानं उभं ऱ्हावं."

सगळ्यांनी गंगारामकडे बघितलं. मग बनूमावशी उठल्या.

"दोन वर्सांमागं गिरनीतून कोंडा नेला व्हता. गंगारामाला न इचारता. म्हशीला पायजे व्हता."

गंगाराम तोंड उघडं टाकून बघत राहिला. पाटीलबाबा वळले. "मावशी, मी घंटेचं इचारलं."

"घंटेचं मला काय ठावं?"

तेवढ्यात आमचे हे उभे राहिले. खोपोलीच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस. "पाटीलबाबा, गेल्या शिमग्याला तुमच्या कुंपणाची लाकडं होळीत गेली, ती मी ओढून आणली होती."

त्या लाकडांसाठी पाटीलबाबांनी शेजारच्या गावाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. ते खुर्चीत बसले.

घंटेचं म्हणाल, तर ती मंगळवारी आली. आतला लोळा निखळून ती वाजेना म्हणून गुरवानेच कर्जतला दुरुस्तीला दिली होती. गंगारामने मिशी परत वाढवली, आणि बनूमावशी पहिलं पोतं घेऊन स्वतः त्याच्या गिरणीवर गेल्या. पण त्या रविवारी यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी ह्यांच्यानंतर मागच्या दाराशी हालचाल झाली. पाटीलबाबांच्या सख्ख्या काकी तिथे उंबऱ्यापाशी बसायच्या. एक रविवार चुकवला नव्हता त्यांनी, आणि एकदाही मत बोलून दाखवलं नव्हतं. पदर डोक्यावरून सारखा करत त्या उठल्या.

"मलाबी सांगायचं हाय," त्या म्हणाल्या.

पाटीलबाबांनी त्यांच्याकडे बघितलं. टोपी काढली, परत घातली.

"चौकशी संपली," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं घरी जावं."

माणसं एकेक करून निघाली. काकी उभ्याच होत्या.